वसंतभाऊंच्या शेताचा फोटो आणि आमची अक्का

अक्का गेल्याची बातमी माझ्याआधी एकवीस लोकांना कळली. जळगावला आमच्या कंपनीत नव्यानं लागलेल्या मुलामुलींना मी शेतकऱ्यांपुढे कसं बोलावं ते शिकवत होतो. माझा मोबाइल प्रोजेक्टरला जोडलेला, भिंतीवर स्लाइड, आणि मी पडद्याकडे पाठ करून मोठ्या रुबाबात उभा. "पडद्याकडे बघून बोलायचं नाही, माणसांकडे बघायचं," हे वाक्य पुरं होतंय तोच समोरचे चेहरे एकदम बदलले. एका मुलीनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला... तीस वर्षांत पहिल्यांदाच होत होता, म्हणून मी तेच वाक्य आणखी जोरात पुन्हा म्हटलं. मग मागच्या बाजूला एक मुलगा उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, जरा मागे बघा." मी वळलो. माझ्या स्लाइडवर हातभर अक्षरांत माझ्या भाचीचा, मनीषाचा निरोप आला होता. "मामा, आई गेली. सकाळी सात वाजता. लवकर या."

अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला, तिनं आरोग्यसेविका म्हणून सारी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर धुळ्यात मुलीकडे राहिली. तिच्या नावावर पुरस्कार नाही, सत्कार नाही. तिचं वर्तमानपत्रात नाव यायचं काही कारण नव्हतं, म्हणून मीच ही जागा मागून घेतली. मी आयुष्यभर लोकांपुढे बोलण्याचा पगार घेतला आणि बोलायचं कसं ते शिकलो तिच्याकडून. तेही उशिरा, आणि तोंडघशी पडल्यावर.

शेतकीची पदवी घेऊन मी दीड वर्ष नोकरीविना घरी होतो, तेव्हा आईनं कंटाळून मला अक्काकडे पाठवलं. "निदान तिथे तरी हवा बदलेल," असं आईचं म्हणणं. कुणाची हवा बदलेल, ते तिनं सांगितलं नाही. अक्का पाड्यापाड्यांवर जायची आणि बायकांना जमवून बोलायची. जुलाब, बाळंतपण, लसी... विषय ठरलेले. सरकारी छापील तक्ते तिच्याकडे होते, पण ते ती फारसे वापरत नसे. म्हणायची, "एका तक्त्यावर चौदा चित्रं. माणूस बघेल काय आणि ऐकेल काय!" ती स्वतः ब्रशनं काढायची, एका कागदावर एकच चित्र, मागून जुन्या धोतराचं कापड चिकटवलेलं, म्हणजे गुंडाळून फाटत नाही. कार्यक्रमाआधी तक्ता टांगला की सगळ्यांत मागे जाऊन जमिनीवर बसायची आणि तिथून बघायची. मी विचारलं, "तुला माहीतच आहे ना काय काढलंय ते?" तर म्हणाली, "मला माहीत आहे. मागे बसणारीला नाही."

मुलाच्या अंगातलं पाणी जाणं म्हणजे काय, हे सांगायला ती चित्रसुद्धा नेत नसे. सकाळीच मेथीची एक जुडी उन्हात ठेवून द्यायची. बोलायला सुरुवात करताना ती मलूल, मान टाकलेली जुडी सगळ्यांना दाखवायची आणि शेजारी पाण्याच्या तांब्यात उभी करायची. मग तिच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. घरच्या गोष्टी, साखर किती, मीठ किती, पाणी उकळलेलं का... तासाभरात मेथीनं मान वर केलेली असायची. कुणी तरी बाई ओरडायचीच, "अक्का, ती पाहा!" मग अक्का पहिल्यांदा तिकडे बघायची. एकदा मात्र बोलण्याच्या भरात कुणाचं लक्ष नव्हतं आणि एका बकरीनं येऊन जुडी फस्त केली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "अक्का, तुन्हा पेशंट बकरीनी खाई टाका!" सगळा पाडा हसला. अक्का तर खाली बसून हसली. मी तेव्हा मनात म्हटलं, ही काय पद्धत झाली! माझ्याकडे ज्ञान होतं ना. पदवीचं.

पुढे मला जळगावला नोकरी लागली. आमची कंपनी केळीची रोपं विकते आणि विकल्यावर शेतकऱ्यांना मार्गदर्शनही करते. ते मार्गदर्शन म्हणजे मी. आधी फिरते तक्ते, मग पारदर्शक कागद, मग स्लाइड... प्रत्येक नवी वस्तू आली की मी जास्त दाखवायला लागलो आणि कमी बोलायला. खरं सांगायचं तर बोलायचोही, पण जे पडद्यावर लिहिलेलं असेल तेच. एकदा अक्का आमच्याकडे आलेली असताना मी घरात सराव करत होतो. तिनं पाच मिनिटं ऐकलं. अक्का चिडली की अहिराणीत बोलायची आणि गंभीर झाली की पुस्तकासारखं मराठी. तेव्हा अहिराणी निघाली. "दिल्या, त्यासले वाचता येस रे. मंग तू काबर वाची दाखाडस?" मी म्हटलं, "अक्का, आता असंच असतं." ती म्हणाली, "तुन्हा पडदा बोलस का तू बोलस, ते एकदाव ठराव." मी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन स्लाइड वाढवल्या.

हे सगळं गमतीत चाललं होतं ते या ऑगस्टपर्यंत. ढगाळ हवा बरेच दिवस राहिली आणि फैजपूरजवळच्या एका गावात केळीवर हरण्या दिसू लागला. हा विषाणूचा रोग. पानावर पिवळे पट्टे येतात, मधला नवा पोंगा, म्हणजे अजून न उलगडलेलं पान, पिळवटतो आणि सडतो. औषध नाही. मावा नावाचा बारीक किडा एका झाडावरून दुसऱ्यावर तो नेत राहतो. उपाय एकच, लागण झालेलं झाड कंदासकट उपटायचं आणि पुरून टाकायचं, आणि ते लगेच. आठवडा गेला की शेजारचा मळा, मग त्याच्या शेजारचा. पण झाड तर वरवर हिरवं उभं असतं. पोरासारखं वाढवलेलं ते झाड हातानं उपटायला माणूस धजत नाही. निघेल यातून, असं वाटत राहतं.

गावात पहिल्यांदा लागण झाली ती वसंतभाऊंच्या मळ्यात. पन्नाशीचा, कमी बोलणारा, गावात शब्दाला किंमत असलेला माणूस. मी पाहणीला गेलो तेव्हा त्यांनी मला स्वतः सगळ्या ओळी फिरवून दाखवल्या, वहिनींनी ताक दिलं. मी फोटो काढू का विचारलं. ते म्हणाले, "काढा ना, त्यात काय." मी काढला. फार चांगला आला. पुढे पिवळे पट्टे पडलेलं झाड, मागे विहीर, विहिरीवरच्या खोलीचं निळं दार. माझ्या सबंध नोकरीतला सगळ्यांत चांगला फोटो.

त्या आठवड्यात अक्का तपासणीसाठी जळगावला आलेली होती. तिच्या हृदयाचं दुखणं तेव्हा वाढलं होतं. गावातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम होता, आणि मी तिला म्हटलं, "चल, बघ तरी तुझा भाऊ काय करतो." ती आली आणि शेवटच्या रांगेत बसली. सव्वाशे माणसं जमली होती. मी चोपन्न स्लाइड नेल्या होत्या. विषाणूची रचना, माव्याचं जीवनचक्र, तीन राज्यांचे नकाशे... विसाव्या स्लाइडला अक्काचे डोळे मिटलेले मला दिसले. वाईट वाटलं, पण माझ्याकडे हुकमी पत्ता होता. एकेचाळिसावी स्लाइड. मी बटण दाबलं आणि वसंतभाऊंचं झाड भिंतभर उभं राहिलं. हॉल जागा झाला! मला वाटलं, जिंकलो.

"अरे, ही तं वसंतभाऊची विहीर व्हय ना रे!" कुणी तरी म्हणालं. "निळं दार पाह्य ना!" "म्हणजे हे सारं त्याच्याकडून आलं का?" "तरी म्हटलं, माझ्या बांधालगतची झाडं कशी काय..." लोक माझ्याकडे बघेनात, झाडाकडेही बघेनात. सगळे दुसऱ्या रांगेकडे बघत होते. तिथे वसंतभाऊ बसले होते. ते उठले, टोपी सारखी केली आणि बाहेर गेले. आणि मी काय केलं? मी बेचाळिसावी स्लाइड लावली. बेचाळीस ते चोपन्न, सगळ्या वाचून दाखवल्या. शेवटी मी विचारलं, "मग कोण कोण झाडं काढणार?" एकही हात वर आला नाही. जाताना एक जण म्हणाला, "आधी ज्याच्याकडून आलं तो काढो, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात पोळपाटापाशी बसली होती, मी चहा घेऊन समोर. मला वाटलं, आता अक्षरं लहान होती, स्लाइड जास्त होत्या, असं काही तरी निघणार. मी तयारीतच होतो. तिनं पुस्तकी मराठीत सुरुवात केली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एक चूक केली होती," ती म्हणाली. "एका पाड्यावर एक बाळ फार वाळलं होतं. जिल्ह्यावरून आलेल्या माणसानं त्याचा फोटो काढला आणि मोठा करून मला दिला. मला तो फार आवडला, दिलीप. चित्रापेक्षा खरा. मी तो पाच-सहा पाड्यांवर दाखवला. बायका हळहळायच्या, मला वाटायचं काम होतंय. मग एका पाड्यावर मी तो वर धरला आणि तिसऱ्या ओळीतली एक बाई पदर तोंडावर घेऊन उठली. त्या बाळाची आई. ते तिचं माहेर होतं, मला माहीत नव्हतं. बाळ तोवर बरं झालेलं होतं रे... अंगानं भरलं होतं, तिच्या कडेवरच होतं. आणि मी सगळ्या माहेराला तिचं बाळ वाळलेलं दाखवत होते."

दिलीप म्हणून तिनं मला आयुष्यात दोन-तीनदाच हाक मारली असेल. मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. मी चार वेळा तिच्या घरी गेले. प्रत्येक वेळी तिनं पाणी दिलं. बोलली नाही. पुढचं बाळंतपण तिनं घरीच केलं, मला बोलावलं नाही. सुखरूप झाली, पण ते माझ्यामुळे नव्हे." तिनं पोळी उलटली. "दाखवलेली गोष्ट परत घेता येत नाही. बोललेलं एक वेळ घेता येतं. चित्रातलं माणूस समोर बसलेलं असू शकतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तुला मी शिकवायला हवं होतं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

मी चहा तसाच ठेवला. ती म्हणाली, "आता जा. आणि ते दप्तर नेऊ नको." दप्तर म्हणजे माझा लॅपटॉप.

वसंतभाऊंनी मला ओट्यावर बसवलं. माणूस सभ्य, चहा आलाच. "फोटो साफ होता हो तुमचा," ते म्हणाले. "दाराचा रंगसुद्धा दिसला." वहिनी आतून म्हणाल्या, "लोक आता आमच्या बांधावरून जात नाहीत. गेले तर पाय धुतात." मी माफी मागितली, त्यांच्यासमोर मोबाइलमधून फोटो पुसला आणि लॅपटॉपमधून काढतो म्हणून शब्द दिला. ते बघत राहिले. मग झाडांचा विषय काढला, तर म्हणाले, "आता मी झाडं उपटली, म्हणजे सारं माझ्याकडून आलं हे मीच मान्य केलं. तुम्ही मला तसं करून ठेवलं साहेब." मी म्हटलं, "शुक्रवारी मी पुन्हा बोलणार आहे. कुणाचंही शेत दाखवणार नाही. या." ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. माझ्या हिशेबानं त्यांच्याच ओळींतून मावा रोज पुढे चालला होता, आणि गाव त्यांची वाट बघत होतं.

शुक्रवारी चाळीसच माणसं आली. प्रोजेक्टर नेला नव्हता. भिंतीला एक मोठा पांढरा कागद लावला आणि जाड मार्कर घेऊन केळीचं झाड काढायला लागलो. वाचकांनी मला चित्र काढताना पाहिलेलं नाही, हे त्यांचं भाग्य. शाळेत माझा मोर मास्तरांनी टिटवी म्हणून तपासला होता. पानं काढली, खोड काढलं, तोवर मागे खुसखुस सुरू झाली. "साहेब, केळ काढताय का पपई?" "नाही रे, ताड व्हय तो!" "घड कुठी लागेल याला, मुळाले का?" मीही हसलो, दुसरं करणार काय. मग पोंगा काढायला घेतला, तो पिळवटलेला दाखवायचा होता. तो वाळत घातलेल्या पायजम्यासारखा झाला. हॉल हसून लोटपोट... आणि मागून आवाज आला, "सरका जरा."

वसंतभाऊ दारात उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. ते पुढे आले, माझ्या हातातून मार्कर घेतला आणि माझ्या त्या ताडावर स्वतःचं झाड काढायला लागले. शेतकऱ्याचा हात. खाडखाड चार रेघा आणि पोंगा पोंग्यासारखा दिसायला लागला. "हा असा पिळतो," ते कागदाकडे न बघता लोकांना म्हणाले. "आणि पट्टे असे. शिरेपासून कडेकडे. खत कमी पडलं की पान पिवळं पडते ते सगळं पडते, असं पट्ट्यांनी नाही. मी पंधरा दिवस तेच समजत बसलो. खत देत बसलो." कुणी हसत नव्हतं. त्यांनी मार्करला टोपण लावलं. "माझ्या मळ्यात शंभराच्या वर झाडं अशी आहेत. उद्या सकाळी काढतो. ज्याले ओळखायचं शिकायचं असेल त्यानं या. तिथे आहे ते यापेक्षा साफ दिसते."

मग खिडकीपाशी बसलेले एक जण म्हणाले, "भाऊ, माझ्याकडेबी असे पट्टे आहेत दहा-बारा. मी बी खतच समजलो." मग आणखी एक. मला पुढे काही बोलायची गरजच पडली नाही, आणि मला ते जमलंही. शनिवारी सकाळी वसंतभाऊंच्या बांधावर तीस माणसं होती. पाय धुऊन नव्हे, फावडी घेऊन. त्या कोपऱ्यातले चार मळे पुष्कळसे रिकामे झाले. त्यापलीकडची केळी आजही उभी आहे.

अक्का तोवर धुळ्याला परतली होती. तिला फोन करून सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मनीषानं फोन काढून घेतला. परत हातात आल्यावर म्हणाली, "तुले चित्र काढता येत नही, तेच कामले ऊनं!" आणि मग हळूच, "तो भाऊ स्वतःहून उठला ना? तू नाव नाही ना घेतलंस?" मी म्हटलं, नाही. "बरं केलंस. तो कागद मला आणून दे."

सप्टेंबरात धुळ्याला गेलो तेव्हा कागद नेला. तिनं पलंगावर पसरून बराच वेळ पाहिला. माझ्या रेघा कुठल्या आणि वसंतभाऊंच्या कुठल्या, हे तिला विचारावं लागलं नाही. म्हणाली, "केळ दोघांची मिळून बरी झाली आहे." तीच आमची शेवटची भेट. नंतर फोनवर ती दोन-चार वाक्यंच बोलू शकायची.

आता धुळ्याच्या त्या खोलीत पलंग आहे, औषधांचा डबा आहे, आणि समोरच्या भिंतीवर तो कागद. तिसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या बायका बसायला आल्या होत्या. कागदापुढे जुन्या सुती लुगड्याचा तुकडा दोरीवर टाकलेला होता, पडद्यासारखा. मी मनीषाला विचारलं, हे काय. ती म्हणाली, "आईनं लावलं. कुणी आलं की म्हणायची, थांबा, आधी ऐका, मग दाखवते. आधीच बघितलं तर बघतच बसाल." समोरच्या किराणा दुकानातल्या काकू म्हणाल्या, "आम्हाला सांगायला घेतलं होतं हो त्यांनी, मागच्या आठवड्यात. त्या फोटोपर्यंत आलं, ते भाऊ उठून गेले तिथवर. मग त्यांना धाप लागली. म्हणाल्या, उद्या सांगते." त्या थांबल्या. "मग त्या भाऊंनी काय केलं? काढली का झाडं?"

मी सतरंजीवरून उठलो. फोटोपासून पुढचं सगळं सांगितलं... ओट्यावरचा चहा, पपई, पायजमा, सगळं. काकू हसल्या, मग डोळे पुसले. वसंतभाऊंनी मार्करला टोपण लावलं तिथे मी थांबलो, लुगड्याचा तुकडा दोरीवरून उचलला, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून बाजूला झालो.